गाणे येणे आणि गाणे शिकवता येणे

विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले, तेव्हा गाता येणे आणि गाणे शिकवता येणे या दोन वेगळ्या विद्या आहेत हे त्यांनी ओळखले होते. पुढे शिक्षक होऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी त्यांनी चालवलेला ‘उपदेशक वर्ग’ ही त्याचीच साक्ष होय. त्यांच्या निधनानंतर, १९३१ मध्ये, शिष्यांनी उभारलेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांमुळे राग-तालाचे शिक्षण घरोघरी पोहोचले, आणि हे ऋण मोठे आहे. मात्र प्रारंभिकपासून विशारदपर्यंतच्या या परीक्षा मुख्यतः विद्यार्थ्याला काय येते हे पाहतात, आणि त्या उत्तीर्ण होणारा तरुण बहुधा कोणाच्याही देखरेखीखाली एकही पाठ न घेता स्वतःचा वर्ग उघडतो.

गुरुकुलात ही उणीव जाणवत नसे, कारण गुरूसमोर एक-दोन शिष्य असत आणि धाकट्याला तालीम मिळताना थोरला शेजारी बसून शिकवण्याची रीतही नकळत उचलत असे. आज शिक्षकापुढे तीस-चाळीस मुले आणि एक पेटी असते. पेटीत सप्तकाचे बारा समान भाग केलेले असल्यामुळे तिचा शुद्ध गंधार तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून आपोआप उमटणाऱ्या गंधाराहून किंचित चढा लागतो. केवळ पेटीवर वाढलेल्या कानाला हा फरक कळत नाही, आणि ज्या शिक्षकाला तो कळत नाही त्याने तो मुलांना दाखवावा कसा? शिवाय एकाच पट्टीत साऱ्या वर्गाला गायला लावले, तर ज्यांचा आवाज फुटण्याच्या बेतात आहे अशा तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना ओरडून गाण्याची सवय लागते. आवाजाची वाढ कशी होते, हे म्हणूनच भावी शिक्षकाला बंदिशींइतकेच नीट शिकवले पाहिजे.

नृत्यात हे काम अधिकच अवघड होते. कथकच्या शिक्षकाला पढंत, म्हणजे हाताने ताल देत बोल म्हणणे, चालू ठेवून त्याच वेळी प्रत्येकाचे पाऊल, गुडघा आणि पाठ न्याहाळावी लागते; सिमेंटच्या कठीण जमिनीवर तत्कार, म्हणजे पदाघातांचा सराव, किती वेळ करून घ्यावा हा निर्णयही त्याचाच असतो, आणि तो चुकल्यास त्याची किंमत मुलीचे गुडघे मोजतात.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने शालेय शिक्षणात कलांचा समावेश करण्यावर भर दिला आहे, परंतु त्यासाठी लागणारा शिक्षक मैफलीच्या तयारीतून आपसूक घडत नाही. बी.एड.च्या विद्यार्थ्याला जसे खऱ्या वर्गावर सराव पाठ घ्यावे लागतात आणि मागच्या बाकावर बसलेला मार्गदर्शक ते टिपत असतो, तशी सोय संगीत-नृत्याच्या अभ्यासक्रमांत हवी. एखाद्या मुलाचा षड्ज का लागत नाही, ऐकण्यात चूक आहे की श्वासात, याचे निदान अनुभवी गुरूच्या देखत वारंवार करून पाहिल्याशिवाय ते जमू लागत नाही.