कर्नल जुना, मॉड्यूल्स नवी

लिनक्सवर एनएफएसचे फोल्डर माउंट करताना ‘अननोन फाइलसिस्टिम टाइप’ असा संदेश आला, की आधी संशय नेटवर्कवर जातो. उगाच! एनएफएसची पॅकेजे असूनही हा संदेश येत असेल, तर बहुधा कर्नललाच मॉड्यूल सापडत नसते. आर्च लिनक्समध्ये हे हमखास घडते: अपडेटमध्ये जुन्या कर्नलची मॉड्यूल्स डिस्कवरून पुसली जातात, पण रीस्टार्ट होईपर्यंत मेमरीत तोच जुना कर्नल चालू असतो. आधी लोड झालेली मॉड्यूल्स चालत राहतात, नवी मात्र लोड होत नाहीत. ‘युनेम -आर’ने दिसणारी आवृत्ती ‘/लिब/मॉड्यूल्स’मधल्या फोल्डरच्या नावाशी ताडून पाहा. जुळत नसेल तर सरळ रीस्टार्ट करा.

डॉकरमधला एनएफएस सर्व्हरही असाच मॉड्यूलअभावी अडला, तर कंटेनरात शोधाशोध नको. कंटेनरला स्वतःचा कर्नल नसतो. ‘एनएफएसडी’ मॉड्यूल मूळ मशीनवरच ‘मॉडप्रोब’ने लोड करावे लागते.