दुसऱ्या ठोक्याची वाट

माधवनगरला आमच्या घराला लागूनच यंत्रमागांचा कारखाना होता. चोवीस मागांच्या खडखडाटात जेवता जेवता अण्णा मान वर करत आणि म्हणत, "सातव्याचा धोटा अडखळतोय." जाताना खट्, येताना खट्. दोन ठोक्यांमधलं अंतर चुकलं की त्यांना कळे. आता मी भौतिकशास्त्र शिकवते आणि वर्गात न्यूट्रिनो या सूक्ष्म कणाचा विषय निघाला की अण्णांचे कान आठवतात.

सूर्याकडून आलेले सुमारे 6500 कोटी न्यूट्रिनो दर सेकंदाला आपल्या अंगठ्याच्या नखातून आरपार जातात. त्यातला एखादा क्वचितच कुठल्या तरी अणुकेंद्रात अडकतो. मग असे किती अडकले, हे मोजायचं कसं?

ट्रॉम्ब्याला भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ध्रुव अणुभट्टीपासून जेमतेम 13 मीटरवर यासाठी 'इस्मरान' नावाचं उपकरण आखलं गेलं. त्यात मीटरभर लांबीच्या, 10 सेंटिमीटर जाडीच्या 100 प्लॅस्टिकच्या कांड्या. या प्लॅस्टिकमधून विद्युतभारित कण गेला की ते चमकतं. भट्टीत युरेनियम फुटतं तेव्हा न्यूट्रिनोचे प्रतिकण, म्हणजे प्रतिन्यूट्रिनो सुटतात. 100 मेगावॉटवर त्यांची संख्या सेकंदाला 2 वर 19 शून्यं. एखादा प्रतिन्यूट्रिनो कांडीतल्या हायड्रोजनच्या केंद्राने, म्हणजे एकट्या प्रोटॉनने टिपला की प्रोटॉनचा न्यूट्रॉन होतो आणि पॉझिट्रॉन हा धनभारित कण बाहेर पडतो. पॉझिट्रॉन लगेच चमक देतो, हा पहिला ठोका. न्यूट्रॉन धडका खात मंदावतो आणि कांडीवरच्या गॅडोलिनियमच्या लेपात अडकतो. काही लाखांश सेकंदांनी दुसरी चमक येते, हा दुसरा ठोका. जोडी जुळली तरच नोंद.

अमेरिकेत 1956 साली राइन्स आणि कोवान यांनी याच खुणेवरून हा कण पहिल्यांदा पकडला. त्यांच्या हाती तासाला सुमारे 3 लागत. भट्टीच्या भिंती या कणांना अडवू शकत नाहीत, म्हणून त्यांच्या मोजणीवरून आत किती शक्ती निर्माण होते हे बाहेरूनच कळू शकतं.

पण अंतराळातून येणारे किरणही कांड्या चमकवतात आणि कधी योगायोगाने जोडीही जुळते. म्हणून भट्टी बंद असतानाही मोजत राहायचं आणि तो आकडा चालू दिवसांच्या आकड्यातून वजा करायचा.

वीज गेली की आमच्याकडे सगळे माग एकदम थांबत. तेव्हाही अण्णा कान देऊन बसत. पत्र्याची करकर, लांबून जाणारी मिरजेची गाडी. मी विचारलं, "आता काय ऐकताय?"

"मागाचा नसलेला आवाज," ते म्हणाले. "तो ओळखीचा झाला की मागाचा वेगळा काढता येतो."