बारामतीचा सुपुत्र आणि अदृश्य प्रकाशाची शलाका

'लेझर' हा शब्द आता आपल्या घरादारांत रुळला आहे. लग्नपत्रिकेवरील जाळीदार नक्षी, दुकानावरील ॲक्रिलिकची कोरीव पाटी, शल्यचिकित्सकाच्या हातातील रक्तस्राव रोखणारी शलाका अशा अनेक ठिकाणी लेझर राबत असतो. भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक वसाहतींतील लहानमोठ्या गाळ्यांवर ज्यांची चूल पेटते, त्या आपल्या कुटुंबांना तर कापणे, कोरणे, जोडणे ही कामे नवी नाहीत. मात्र या कामांसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइड लेझरचा जनक महाराष्ट्रात जन्मला, ही गोष्ट आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. त्यांचे नाव डॉ. सी. कुमार एन. पटेल.

पटेल यांचा जन्म २ जुलै १९३८ रोजी बारामती येथे झाला. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून त्यांनी १९५८ मध्ये दूरसंचार विषयाची पदवी घेतली. त्यावेळी त्यांना जेमतेम वीस वर्षे पूर्ण होत होती. पुढे ते अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात गेले. तेथे १९५९ मध्ये पदव्युत्तर पदवी आणि १९६१ मध्ये डॉक्टरेट मिळवून ते न्यू जर्सी राज्यातील सुप्रसिद्ध बेल प्रयोगशाळेत संशोधक म्हणून रुजू झाले.

लेझर हा कोणा एकाचा शोध नव्हे, हे येथे नमूद केले पाहिजे. उत्तेजित अणूजवळून योग्य प्रकाश गेला, तर तो अणू अगदी तसाच प्रकाश बाहेर टाकतो, हे तत्त्व आइन्स्टाइन यांनी १९१७ मध्ये मांडले. टाउन्स व शॉलो यांनी १९५८ मध्ये लेझरची संकल्पना सविस्तर मांडली. १९६० मध्ये मेमन यांनी माणकाच्या स्फटिकातून पहिला लेझर प्रत्यक्षात आणला, आणि त्याच वर्षी अली जवान व त्यांच्या सहकाऱ्यांनी बेल प्रयोगशाळेत हीलियम व निऑन या वायूंचा लेझर सिद्ध केला. पटेल आले ते या पायावर पुढची वीट रचण्यासाठी.

वायूंच्या त्या लेझरमध्ये एक मोठी उणीव होती. पुरविलेल्या विजेच्या एक टक्क्याहूनही फारच कमी भागाचा प्रकाश होई. उरलेली ऊर्जा वाया जाई. तेव्हाचे वायू-लेझर सुट्या अणूंवर चालत. पटेल यांनी अणूंऐवजी रेणूंकडे लक्ष वळविले. रेणू म्हणजे एकमेकांस जोडलेले अणू, आणि ते स्प्रिंगला बांधलेल्या गोळ्यांप्रमाणे सतत कंप पावतात. या कंपनांच्या पायऱ्या ठेंगण्या असतात. त्यांवर चढण्यास फार ऊर्जा लागत नाही, म्हणून उतरताना ऊर्जेचा अपव्ययही कमी होतो.

आपण उच्छ्वासावाटे जो कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो, तोच पटेल यांनी निवडला. १९६४ मध्ये त्याचा लेझर सिद्ध झाला. प्रारंभी त्याची शक्ती अत्यल्प होती. मग त्यांनी त्यात नायट्रोजन मिसळला. विजेने कंपित झालेला नायट्रोजनचा रेणू आपली ऊर्जा सहसा प्रकाशरूपाने गमावत नाही. तो ती सांभाळून ठेवतो आणि कार्बन डायऑक्साइडच्या रेणूशी टक्कर होताच त्याच्या हवाली करतो. दोघांच्या ऊर्जेची पायरी जवळजवळ समान असल्याने हे दान सहज घडते. पुढे हीलियमची जोड मिळाली. हा वायू मिश्रण थंड राखतो व खालची पायरी रिकामी करीत राहतो. वर्षा-दोन वर्षांत शक्ती शंभर वॉटच्या पुढे गेली. आज अशा लेझरमध्ये विजेचा सुमारे १० ते २० टक्के भाग प्रकाशात उतरतो.

हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही. १०.६ मायक्रॉन तरंगलांबीचा तो अवरक्त किरण आहे. लाकूड, कापड, चामडे व ॲक्रिलिक तो सहज शोषतात, म्हणून ते चटकन कापले जातात. पाणीही तो शोषते, आणि आपल्या शरीराच्या पेशींत पाणीच अधिक. म्हणून शस्त्रक्रियेत हा किरण सूक्ष्म सुरीचे काम करतो. आज मोबाइलमधील अत्याधुनिक चिप घडविताना वितळलेल्या कथिलाच्या थेंबांवर याच लेझरचा मारा केला जातो.

पटेल तेथेच थांबले नाहीत. ध्वनीहून वेगवान विमानांच्या धुरामुळे ओझोनचा थर झिजेल काय, ही चिंता १९७० च्या दशकात जगाला लागली होती. तेव्हा त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी लेझरचे उपकरण बलूनमधून सुमारे २८ किलोमीटर उंचीवर धाडले आणि तेथील नायट्रिक ऑक्साइड मोजला. पहाटेपूर्वी नगण्य असलेला हा वायू सूर्योदयानंतर वाढतो, हे त्यातून दिसून आले. १९९३ मध्ये ते लॉस एंजलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात संशोधनाचे उपकुलगुरू झाले. १९९६ मध्ये अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान पदक त्यांना लाभले. साठी ओलांडल्यावर, २००० मध्ये, त्यांनी नव्या प्रकारच्या लेझरांसाठी स्वतःची कंपनी स्थापन केली.

प्रिय वाचकहो, दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या घरोघरी एकच प्रश्न विचारला जातो: "हे शिकून नोकरी मिळेल का?" कर्जाचे हप्ते फेडणाऱ्या आईवडिलांचा हा प्रश्न आम्ही क्षुल्लक मानीत नाही. परंतु रेणू कसा कंप पावतो, असे कुतूहल बाळगणाऱ्या तरुणाला टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेने मोकळीक दिली, म्हणून आज असंख्य कामगारांच्या हाताला काम व रुग्णांना दिलासा मिळाला. पटेल यांनीही नोकरीच केली. मात्र कुतूहल सोडले नाही. भाकरी आणि कुतूहल यांचे वैर नाही. आपल्या मुलाने 'हे असे का होते?' असे विचारले, तर त्याला गप्प करू नये, एवढे तरी आपल्या हाती आहे. पुण्या-मुंबईतील हुशार मुलांना संशोधनासाठी देशाबाहेरच जावे लागू नये, हे मात्र समाजाचे व शासनाचे काम आहे, आणि ते अद्याप पुरे झालेले नाही.