काळा धूर आणि वाढता पेट्रोलखर्च : दोष कोठे शोधावा?

ज्या शेतकऱ्याचा भाजीपाला फुलंब्री किंवा गंगापूरकडून छत्रपती संभाजीनगरच्या जाधववाडी बाजारात जुन्या पेट्रोल मोटारीने जातो, त्याचा नफा पेट्रोलच्या टाकीतूनही निसटू शकतो. मोटार नेहमीपेक्षा अधिक पेट्रोल पिऊ लागते, मागून काळा धूर येतो, चौकात थांबताच एंजिन गचके देते. अशा वेळी पुष्कळ मोटारमालक प्रथम कार्ब्युरेटरचा स्क्रू पिळू लागतात. ही चूक होय. त्या स्क्रूने मुख्यतः मोटार उभी असतानाचे मिश्रण बदलते. मूळ दोष जागच्या जागी राहतो.

पेट्रोलचा एक भाग पूर्णपणे जळण्यास वजनाने सुमारे 14.7 भाग हवा लागते. हवा कमी पडली किंवा पेट्रोल वाजवीपेक्षा अधिक आले, तर त्या मिश्रणास कारागीर ‘रिच’ म्हणतात. कंदिलाची वात फार वर केली असता काच काजळते, तसाच हा प्रकार आहे.

प्रथम धुराचा रंग पाहावा. काळा धूर न जळलेल्या इंधनाचा, निळा धूर एंजिनात जळणाऱ्या ऑइलचा. थंडीच्या सकाळी निघून थोड्याच वेळात नाहीशी होणारी पांढरी वाफ हा दोष नव्हे. ती एंजिन तापल्यावरही टिकली, तर थंडाव्याचे पाणी आत शिरत असल्याचा संशय घ्यावा.

त्यानंतर मोटार काही किलोमीटर चालवून, एंजिन निवल्यावर स्पार्क प्लग काढावेत. टोकावर फिकट तपकिरी रंग असेल तर मिश्रण ठीक आहे. कोरडी, मऊ, बोटास लागणारी काजळी असेल तर पेट्रोल अधिक होत आहे. काळा थर तेलकट असेल तर दोष ऑइलचा समजावा. सर्व प्लग सारखेच काळे असतील, तर कारण सर्वांना सामाईक, म्हणजे हवा किंवा इंधन यांच्या वाटेवर असते. एकच प्लग काळा असेल, तर त्याच सिलिंडरची ठिणगी आधी तपासावी. प्लग काढण्याचे हे काम पाच मिनिटांचे आहे, आणि त्यातून जे कळते ते तासभर अंदाज बांधूनही कळत नाही.

आता हवेकडे वळावे. मराठवाड्यात उन्हाळ्यात कच्च्या रस्त्यांची धूळ एअर फिल्टरमध्ये साठते. कार्ब्युरेटरच्या मोटारीत कोंदलेला फिल्टर चोकसारखेच काम करतो. फिल्टर उजेडासमोर धरावा. प्रकाश दिसत नसेल तर बदलावा. फिल्टर काढून क्षणभर एंजिन चालवावे आणि चाल सुधारते का ते पाहावे. मात्र फिल्टरवाचून मोटार रस्त्यावर नेऊ नये, धुळीने सिलिंडर झिजतात. चोकची पट्टी गरम एंजिनात पूर्ण उघडते की नाही, हेही पाहावे. तार अडकल्याने ती अर्धी मिटलेली राहणे ही अगदी साधी, परंतु वारंवार निसटणारी बाब आहे.

एंजिन बंद असतानाही कार्ब्युरेटरच्या तोंडात पेट्रोल झिरपत असेल, तर फ्लोट किंवा त्याची सुई दोषी आहे. हे काम उघड्यावर करावे. जवळ विडी पेटवू नये. बंद शेडमध्ये एंजिन चालू ठेवू नये, कारण अशा मिश्रणातून विषारी कार्बन मोनॉक्साइड अधिक निघतो.

शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. त्यामुळे मुंबईत जुळविलेला कार्ब्युरेटर येथे किंचित अधिक पेट्रोल देतो, परंतु किंचितच. प्लगवरील काजळीचा दोष उंचीवर ढकलू नये.

इंजेक्शनच्या नव्या मोटारींची गोष्ट निराळी आहे. तेथे हवा कमी आली की यंत्रणा पेट्रोलही कमी करते. म्हणून केवळ कोंदलेल्या फिल्टरने मिश्रण सहसा बिघडत नाही. पाण्याचे तापमान सांगणारा सेन्सर बिघडून एंजिन ‘अजून थंडच आहे’ असे कळवीत असेल, थर्मोस्टॅट उघडाच राहिला असेल किंवा इंजेक्टर गळत असेल, तर पेट्रोल वाढते. इशाऱ्याचा दिवा लागल्यास स्कॅनरने तपासणी करून घ्यावी. टाळाटाळ केल्यास धुराच्या नळीतील महागडा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापून निकामी होतो.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी एक स्वस्त साधन आवर्जून दाखवून द्यावे : पीयूसीची चिठ्ठी. बहुतेक जण ती न वाचताच खिशात ठेवतात. तीत कार्बन मोनॉक्साइडचा आकडा असतो. भारत स्टेज 4 व त्यापुढील पेट्रोल मोटारींसाठी, मोटार उभी असताना, त्याची मर्यादा 0.3 टक्के आहे. आकडा मर्यादेजवळ किंवा वर असेल, तर मिश्रणात पेट्रोल जास्त आहे असे समजून वरील तपासणी करावी. दुरुस्तीपूर्वीची व नंतरची चिठ्ठी शेजारी ठेवली की कारागिराचे काम झाले की नाही, हेही कळते.

शेवटी ऑइलची पट्टी काढून वास घ्यावा. पेट्रोलचा वास येत असेल, पातळी आपोआप वाढली असेल, तर पेट्रोल खाली उतरून ऑइल पातळ झाले आहे. अशा ऑइलवर बेअरिंगे लवकर झिजतात. दोष दूर झाल्यावर ते ऑइल फिल्टरसह बदलावे, आणि पुढील दोन वेळा टाकी पूर्ण भरून किलोमीटर मोजावेत.