चंद्रकांत मण्याचें तेज आणि त्याची पारख

गेल्या वर्षीं आमच्या वर्गांत खनिजांचा पाठ चालू असतां एका विद्यार्थ्यानें आपल्या आजीची अंगठी रुमालांत गुंडाळून आणिली. चांदीच्या कोंदणांत हरभऱ्याएवढा दुधी खडा बसविलेला होता व त्यांत निळसर झांक दिसत होती. आजींच्या दुखण्यांत, मनास शांति लाभेल असें सांगून, दारावर आलेल्या एका विक्रेत्यानें तो अस्सल चंद्रकांत म्हणून दिला होता. आणि आजोबांनीं त्यासाठीं महिन्याच्या खर्चांतून पैसे काढिले होते. "सर, हा खरा आहे का?" एवढाच त्या मुलाचा प्रश्न होता.

प्रश्न लहान, पण त्याचें उत्तर द्यावयाचें तर चंद्रकांताचें तेज येतें कोठून, हें आधीं समजलें पाहिजे. तें समजलें म्हणजे पारख करणें अवघड राहत नाहीं. न समजतां केलेली पारख म्हणजे दुसऱ्याच्या शब्दावर ठेविलेला विश्वास. आणि तो शब्द पुष्कळदां विकणाऱ्याचाच असतो! म्हणून या लेखांत प्रथम तेजाचें कारण व मागाहून परीक्षेच्या रीती सांगण्याचें योजिलें आहे.

चंद्रकांत हें नांव आपल्या देशांत फार जुनें आहे. वराहमिहिरानें सहाव्या शतकांत रचिलेल्या बृहत्संहितेंत रत्नांची जी यादी दिली आहे, तींत 'शशिकांत' हें नांव आढळतें. चंद्राचे किरण पडतांच हा मणी पाझरूं लागतो, असा संस्कृत कवींचा संकेत आहे. ज्ञानेश्वरमहाराजांनींही ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायांत या पाझरणाऱ्या मण्याचा दृष्टांत योजिला आहे. काव्यांत तो मोठा शोभतो. परंतु पेटींतील खडा चांदण्यांत ठेवून त्यास पाणी सुटण्याची वाट कोणी पाहूं नये. रात्रीं थंड झालेल्या कोणत्याही दगडावर दंव जमतें. त्यावरून दगडाची जात ठरत नाहीं. कवींचा मणी कल्पनेचा, आणि जव्हेऱ्याचा खडा खाणीचा. नुसत्या नांवावर विसंबल्यास कसा घोटाळा होतो, याचें आणखी एक उदाहरण इंग्रजी वाङ्मयांत आहे. विल्की कॉलिन्स याची 'द मूनस्टोन' ही १८६८ सालची कादंबरी प्रसिद्धच आहे. परंतु तींतील मणी चंद्रकांत नसून पिवळा हिरा आहे!

आजचें रत्नशास्त्र ज्यास चंद्रकांत म्हणतें, तो फेल्स्पार नांवाच्या खनिजकुळांतील आहे. हें कूळ मुळींच दुर्मिळ नाहीं. पृथ्वीच्या कवचाचा निम्म्याहून अधिक भाग याच कुळानें व्यापिला आहे. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाचा पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिल्यास त्यांतही फेल्स्पारचे लांबट स्फटिक दिसतात. म्हणजे काळ्या दगडाच्या ज्या पायऱ्या आपण रोज तुडवितों, त्यांत या रत्नाचे भाऊबंद दडलेले आहेत. मग चंद्रकांतासच तेवढें तेज कां यावें?

याचें कारण त्याच्या निवण्याच्या रीतींत आहे. भूगर्भांतील प्रखर उष्णतेंत पोटॅशियमचा फेल्स्पार व सोडियमचा फेल्स्पार एकजीव होऊन एकाच स्फटिकांत राहूं शकतात. शास्त्रज्ञ पहिल्यास ऑर्थोक्लेज व दुसऱ्यास आल्बाइट म्हणतात. पुढें तो स्फटिक अतिशय सावकाश निवूं लागला म्हणजे या दोघांचें एकत्र राहणें कठीण होतें व ते वेगळे होऊं पाहतात. परंतु भोंवतालचा स्फटिक घन असल्यामुळें त्यांस दूर जातां येत नाहीं. मग घडीच्या पोळीस पदर सुटावे त्याप्रमाणें एक थर ऑर्थोक्लेजचा व एक थर आल्बाइटचा, अशी रचना आंतल्या आंत होत जाते. स्फटिक जलद निवला तर असे थर पडण्यास अवधि मिळत नाहीं. चंद्रकांताचें सौंदर्य हें अशा रीतीनें मंद गतीचें फळ आहे.

हे थर डोळ्यांस दिसत नाहींत, इतके ते पातळ असतात. प्रकाशाच्या लहरीची लांबी मिलीमीटरच्या सुमारें दोनहजारांव्या हिश्शाएवढी असते. या थरांची जाडी त्याच मानाची, किंबहुना त्याहूनही कमी असते. बाहेरून आलेला प्रकाश थरांच्या सीमांवर आपटतो, त्याचा कांहीं भाग विखुरला जातो व तो आपल्या डोळ्यांकडे परत येतो. थर फार पातळ असले तर आंखूड लहरींचा निळा प्रकाश अधिक विखुरतो व खड्यावर निळी आभा तरंगते. थर जाड असले तर सर्वच रंग सारखे परततात व आभा पांढरी दिसते. म्हणूनच निळ्या आभेच्या स्वच्छ खड्यास अधिक मोल येतें. आल्प्स पर्वतांतील आदुला नांवाच्या डोंगरांवरून अशा फेल्स्पारास 'अडुलारिया' व या आभेस 'अडुलरेसन्स' हें नांव पडलें आहे.

प्रकाशाच्या विखुरण्यावरील संशोधनासाठीं १९३० सालीं नोबेल पारितोषिक मिळविणारे सर चंद्रशेखर वेंकट रामन यांस रत्नांचा व खनिजांचा मोठा छंद होता. समुद्र निळा कां, हें कोडें ज्यांनीं उलगडलें, त्यांचें लक्ष या निळ्या मण्याकडे न जाईल तरच नवल! १९५० सालीं त्यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह श्रीलंकेच्या चंद्रकांतांची घडण व त्यांचें प्रकाशविषयक वर्तन यांवर शास्त्रीय निबंध प्रसिद्ध केला. त्यांनीं जमविलेला रत्नांचा व खनिजांचा संग्रह बंगळूर येथील त्यांच्याच नांवाच्या संशोधनसंस्थेंत आहे.

श्रीलंकेच्या दक्षिण भागांत आंबलंगोडा गांवाजवळ मीटियागोडा म्हणून ठिकाण आहे; तेथील निळ्या आभेचे चंद्रकांत जगभर नांवाजलेले आहेत. आपल्या देशांत तामिळनाडूंतील कांगेयम प्रांतांत हा खडा सांपडतो. भारतीय खड्यांत पांढऱ्याखेरीज करडा, तपकिरी, फिकट नारिंगी असे अंगचे रंगही आढळतात. तेव्हां खडा दुधी नाहीं एवढ्यावरून तो खोटा ठरवूं नये.

आतां परीक्षेकडे वळूं. येथें एक गोष्ट प्रथम ध्यानांत धरावी: चंद्रकांत स्वयंप्रकाशी नाहीं. पूर्ण अंधाऱ्या खोलींत तो दिसावयाचा नाहीं. कोणी अंधारांत चमकणारा खडा दाखवूं लागला तर तो चंद्रकांत नव्हे, हें निश्चित समजावें.

पहिली परीक्षा हालचालीची. खोलींत एकच दिवा ठेवावा व त्याच्या उजेडांत खडा बोटांनीं हळूहळू फिरवावा. खऱ्या चंद्रकांतांतील थर एकाच ठराविक दिशेस असतात. म्हणून आभा कांहीं कोनांतूनच दिसते, खडा फिरविला कीं पृष्ठभागाखालून सरकत जाते व एका क्षणीं नाहींशी होते. पाण्याखालीं दिवा हालावा तसा तो भास असतो. याच कारणानें कुशल कारागीर या खड्यास पैलू न पाडतां घुमटाचा आकार देतात व त्याचा तळ थरांशीं समांतर राखतात. असें केलें म्हणजे आभा बरोबर माथ्यावर येते.

दुसरी परीक्षा आरपार उजेडाची. बाजारांत 'ओपलाइट' नांवाची दुधी कांच पुष्कळदां चंद्रकांत म्हणून खपविली जाते. तिचें वर्तन समजण्यासाठीं घरींच एक प्रयोग करावा. पेलाभर पाण्यांत दुधाचे थोडे थेंब टाकावे. काळ्या कापडापुढें धरून बाजूनें उजेड पाडल्यास तें पाणी निळसर दिसतें, व पेल्याआडून दिवा पाहिल्यास तो पिवळट तांबूस दिसतो. ओपलाइट कांच हुबेहूब अशीच वागते: काळ्या पार्श्वभूमीवर निळी, खिडकीसमोर धरल्यास मधासारखी. तिच्यांत थर नाहींत, सर्वत्र विखुरलेले सूक्ष्म कण आहेत; म्हणून ती कोणत्याही बाजूनें सारखीच निळी दिसते. तिची झांक सरकत नाहीं व विझतही नाहीं.

तिसरी परीक्षा भिंगाची. दसपट मोठें दाखविणारें भिंग घेऊन खड्याच्या अंतरंगांत पाहावें. गोल बुडबुडे दिसले तर ती कांच होय. खऱ्या चंद्रकांतांत पुष्कळदां बारीक चिरा असतात. मधली एक रेघ व तिच्या दोहों बाजूंस आंखूड पाय, अशी त्यांची आकृति थेट गोमेसारखी दिसते. ही गोम आढळली तर ती खरेपणाची मोठी साक्ष समजावी. न आढळली तर मात्र तेवढ्यानें खडा खोटा ठरत नाहीं.

चौथी परीक्षा वजनाची. ती कोंदणाबाहेरच्या सुट्या खड्यावरच करतां येते. आर्किमिडीजचा नियम आपण वर्गांत शिकलोंच आहों. चंद्रकांताचें विशिष्टगुरुत्व सुमारें २.५७ असतें. म्हणजे हवेंत ५.१४ ग्रॅम भरणारा खडा पाण्यांत ३.१४ ग्रॅम भरला पाहिजे. आंकडा फार वेगळा आला तर शंका घ्यावी. जुळला तरी एवढ्यावर निर्णय देऊं नये, कारण दुसऱ्याही कांहीं दगडांचें विशिष्टगुरुत्व याच्या जवळपास येतें.

याखेरीज दोन सूचना. कोंदण मागून बंद असेल तर सावध राहावें. तळाशीं चकचकीत पत्रा किंवा रंग लावून उसनें तेज आणिलेलें असूं शकतें. दुसरें असें कीं, 'रेनबो मूनस्टोन' या नांवानें जो अनेक रंगांची झांक मारणारा पांढरा खडा मिळतो, तो खोटा नव्हे. पण तो लॅब्रॅडोराइट नांवाचा फेल्स्पारकुळांतील दुसरा भाऊ आहे. सचोटीचा व्यापारी हें आपण होऊन सांगतो.

परीक्षेच्या भरांत खड्याची हानि मात्र करूं नये. काठिण्याच्या मापांत त्याचा क्रम ६ ते ६.५ एवढाच आहे, व ठराविक दिशांस तो सहज दुभंगतो. त्यावर ओरखडा काढणें, त्यास ठोकणें किंवा तापविणें या रीती सर्वस्वी वर्ज्य होत. फार तापविल्यास त्यांतील थर पुन्हां एकमेकांत मिसळून आभाच नष्ट होते! खडा मोलाचा असेल तर रत्नपरीक्षेच्या प्रयोगशाळेंत न्यावा. तेथें प्रकाशाचें वक्रीभवन मोजून निर्णय देतात.

चंद्राचें व या मण्याचें नातें कवींनीं जोडिलें. तथापि विज्ञानानेंही त्यास एक अनपेक्षित दुजोरा दिला आहे. १९७१ सालीं अपोलो १५ मधील वीरांनीं चंद्रावरून जे दगड आणिले, त्यांत जवळजवळ केवळ फेल्स्पारचाच बनलेला एक प्राचीन दगड होता. चंद्राचा जो उजळ भाग आपणांस येथून दिसतो, तो मुख्यतः फेल्स्पारकुळांतील खनिजाचाच आहे. जात चंद्रकांताची नव्हे, पण कूळ एकच. आणि दोघांचाही धर्म एकच, कीं मिळालेला प्रकाश परत द्यावा.

त्या अंगठीचें काय झालें, तें सांगावयाचें राहिलें. आम्ही तिला दिव्याखालीं फिरविलें. झांक जागची हालेना. खिडकीसमोर धरली, खडा मधासारखा झाला. भिंगांतून दोन गोल बुडबुडे स्पष्ट दिसले. मुलगा कांहीं वेळ गप्प राहिला व म्हणाला, "सर, आजीला सांगूं का?" मीं म्हटलें, "खरें तेंच सांग. पण मायेनें सांग." आठ दिवसांनीं त्यानें येऊन सांगितलें कीं, आजींनीं सर्व ऐकून घेतलें, पण अंगठी बोटांतून काढिली नाहीं. "ही तुझ्या आजोबांनीं दिली आहे, आणि तें कांहीं खोटें नाहीं," असें त्या म्हणाल्या. मात्र पुढें तोच विक्रेता शेजारणीच्या ओट्यावर दुसरा खडा घेऊन बसला, तेव्हां त्यांनीं नातवास हांक मारून भिंग मागविलें!

शुभवर्तमानांत एका मोत्यांच्या व्यापाऱ्याचा दाखला आहे. एका अमोल मोत्यासाठीं त्यानें आपलें सर्वस्व विकिलें. त्याच्या त्यागाची थोरवी आपण नेहमीं ऐकतों. परंतु असा सौदा करण्यापूर्वीं मोतीं पारखण्यांत त्यानें किती वर्षें घालविलीं असतील, याचाही विचार करावा. खऱ्यासाठीं सर्व कांहीं द्यावें हें योग्यच; पण त्याआधीं खरें कोणतें, हें ओळखावयास शिकणें हें प्रत्येक विद्यार्थ्याचें कर्तव्य आहे.