तारलीचा चारा व समुद्राची सुगी

तारलीचें खत माडांस मानवतें, हें किनाऱ्यावरील बागायतदारांस सांगावयास नको. परंतु तारलीच्या अंगीं हें सत्त्व येतें कोठून, याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं.

तारली ही जेमतेम वीतभर वाढणारी मासळी. तिच्या कल्ल्यांत कंगव्यासारखे अतिशय बारीक दांते असतात. तोंडावाटें आलेलें पाणी त्यांतून गाळलें जाऊन त्यांतील सूक्ष्म जीव मागें राहतात. तेंच तिचें अन्न. त्यांत डायाटम नांवाच्या एकपेशीय वनस्पतींचा भरणा विशेष असतो. या वनस्पति पचविण्यास योग्य असें तिचें आंतडें लांब व वेटोळ्यांचें असतें.

हा चारा बारमाही सारखा मिळत नाहीं. पावसाळ्यांत नैर्ऋत्य किनाऱ्यालगतचें वरचें पाणी वाऱ्यामुळें बाहेर ढकललें जातें व तळाचें थंड पाणी वर येतें. त्याबरोबर नत्र व स्फुरद यांचे क्षार वर येतात. आपण शेतांत घालतों तेंच हें खत! त्यावर डायाटमांचें अमाप पीक येतें. तारली याच सुमारास अंडीं घालते, त्यामुळें पिलांसहि अन्न मिळतें. लहान पिलें मात्र बारीक कवचधारी जीवांवर अधिक अवलंबून असतात. पावसाळा सरतांच तारलीचे थवे किनाऱ्यालगत येतात व त्यांच्या अंगीं तेल भरतें. उन्हाळ्यांत डायाटम कमी झाले म्हणजे तिला सूक्ष्म प्राण्यांवर अधिक भागवावें लागतें.

अर्थात् ही सुगीहि बेभरंवशाची आहे. केरळांत २०१२ सालीं सुमारें ३ लाख ९० हजार टन तारली मिळाली. २०२१ सालीं ती सुमारें ३,३०० टनांवर आली. समुद्राचें वाढतें तपमान, एल निनो व बेसुमार मासेमारी हीं कारणें अभ्यासकांनीं दाखविलीं आहेत. पैकीं पहिलीं दोन आपल्या हातीं नाहींत, तिसरें आहे. केरळ सरकारनें १० सेंटिमीटरहून लहान तारली धरण्यास मनाई केली, ती याचसाठीं.

या कामीं शेतकऱ्यांसहि वांटा उचलतां येईल. कोंवळी तारली बाजारांत खपली नाहीं तर कुट्यासाठीं जाते. मासळीचें खत घेणाऱ्यानें तें कोणत्या मालाचें आहे याची चौकशी करावी व पिलांचें असल्यास घेऊं नये. बियाण्याचें धान्य दळून खाणें आपण शहाणपणाचें मानीत नाहीं. समुद्राच्या शेतींतहि तोच विवेक हवा.