पाळलेल्या पालीचे पथ्यपाणी

पाल ही आपल्या घरांना अपरिचित नाही. भिंतीवर दिवसा दडून राहणारी आणि दिवेलागणीनंतर दिव्याभोवती फिरणारी ही पाहुणी कोणी बोलावून आणलेली नसते. परंतु अलीकडे पिवळसर अंगावर काळे ठिपके असलेली ‘लेपर्ड गेको’ नावाची पाल काचेच्या पेटीत हौसेने पाळली जाऊ लागली आहे. मुलांच्या हट्टाखातर ती घरात येते, काही दिवस कौतुक होते आणि एके दिवशी ती अन्नाला तोंड लावीनाशी होते. त्या क्षणी घरातील वडीलधाऱ्यांपुढे दोन प्रश्न उभे राहतात. हिला बरे कसे करावे, हा पहिला. हिला खाऊ काय घालावे, हा दुसरा. आणि जैन घरात तो पहिल्याहून कठीण ठरतो.

ही पाल मूळची अफगाणिस्तान, पाकिस्तान व वायव्य भारतातील कोरड्या, खडकाळ प्रदेशातली. तिची एक भावंड-जात सातपुड्यातून २०१४ मध्ये नव्याने नोंदली गेली. घरच्या पालीपेक्षा ही निराळी. हिच्या डोळ्यांना मिटणाऱ्या पापण्या असतात, पायांना चिकटून राहणाऱ्या गाद्या नसतात; त्यामुळे ती भिंत चढत नाही. नीट राखल्यास ती १५ ते २० वर्षे जगू शकते. तिची जाड शेपटी म्हणजे तिची गंगाजळी होय. सुगीच्या दिवसांत साठविलेल्या चरबीवर ती टंचाईचे दिवस काढते. म्हणून भरल्या शेपटीच्या प्रौढ पालीने आठवडाभर खाल्ले नाही तर घाबरून जाण्याचे कारण नाही. शेपटी बारीक होऊ लागली, तर मात्र एक दिवसही दवडू नये.

अन्न का सुटते?

पालीचे रक्त आपल्यासारखे स्वतः उष्ण राहत नाही. पोटातले अन्न पचविण्यासाठी तिला बाहेरची ऊब लागते. छत्रपती संभाजीनगरात उन्हाळा कडक असला, तरी डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा १० अंशांच्या आसपास उतरतो. अशा थंडीत पेटीला ऊब नसेल तर पाल खात नाही, आणि खाल्लेले पोटात कुजते. दुसरे कारण वाळू. पेटीत शोभेसाठी पसरलेली वाळू भक्ष्याबरोबर पोटात जाते आणि आतडे तुंबते. कात टाकण्याच्या सुमारास दोन-चार दिवस भूक मंदावणे स्वाभाविक आहे. पण बोटांवर वा डोळ्यांवर कात अडकून राहिली तर ते दुखणे ठरते. याखेरीज पोटातील परोपजीवी जंतू, तोंडातील सूज, कॅल्शियमच्या अभावाने मऊ पडलेली हाडे आणि नव्या जागेची भीती हीही कारणे असतात.

उपचाराचा क्रम

येथे क्रमाला फार महत्त्व आहे. आधी ऊब, मग पाणी आणि शेवटी अन्न. गारठलेल्या पालीच्या पोटात अन्न घालणे म्हणजे चूल न पेटवता हंडी भरून ठेवण्यासारखे आहे.

पेटीच्या एका बाजूखाली थर्मोस्टॅट लावलेली हीट मॅट ठेवावी. त्या बाजूची जमीन ३० ते ३२ अंश आणि दुसरी बाजू २४ ते २६ अंश राहील, असे पाहावे. अंदाजावर न जाता थर्मामीटर वापरावा. वाळू काढून साधे कागदी रुमाल अंथरावेत, म्हणजे विष्ठा स्पष्ट दिसते. दोन्ही बाजूंना लपण्याची जागा द्यावी. एका जागी ओलसर कापड ठेवल्यास कात सुटण्यास मदत होते. उथळ भांड्यात, पाय बुडतील एवढ्याच कोमट पाण्यात, १० मिनिटे देखरेखीखाली ठेवले तर शरीरातील पाण्याची तूट थोडी भरून निघते. मुलांनी तिला वारंवार हाताळू नये.

दर आठवड्याला ग्रॅम दाखविणाऱ्या काट्यावर वजन करून तारखेसह वहीत लिहावे. आपल्या घरांत हिशेबाची वही नवी नाही. तिच्यात हे एक खाते वाढवावे. प्रौढ पाल साधारण ५० ते ८० ग्रॅमची असते. त्यातील दहावा हिस्सा घटला, तर पशुवैद्यांकडे जाणे अटळ समजावे. जाताना ताजी विष्ठा स्वच्छ डबीत न्यावी. तिच्या तपासणीतून जंतूंचा छडा लागतो. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारे वैद्य मोजकेच असतात. जवळ कोणी न मिळाल्यास परभणी वा उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारणा करावी.

घरी जबरदस्तीने तोंड उघडून भरवू नये. जबडा दुखावतो आणि पातळ अन्न श्वासनलिकेत गेल्यास जीव जातो. वैद्यांनी दिलेल्या पातळ आहाराचा थेंब नाकपुडीच्या खाली ओठांवर ठेवला, तर ती बहुधा स्वतःच चाटून घेते. हाताळल्यानंतर साबणाने हात धुवावेत आणि तिचा काटा व भांडी स्वयंपाकघरापासून वेगळी ठेवावीत. अशा प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात.

अन्नाचा प्रश्न

आता दुसरा प्रश्न. ही पाल केवळ कीटकांवर जगते. पोळी, डाळ-भात, दूध, फळे यांतले काहीही तिला पचत नाही. बरी होऊ लागली की तिला संध्याकाळी एक-दोन लहान रातकिडे वा मीलवर्म, कॅल्शियमची भुकटी लावून, दोन-तीन दिवसांच्या अंतराने द्यावे लागतात. वाळविलेले कीटक वा वैद्यांची तयार भुकटी यांनीही प्रश्न सुटत नाही; हिंसा फक्त दृष्टीआड होते.

चतुरिंद्रिय जीव देऊन पंचेंद्रिय जीव वाचवावा काय, ही श्रावकाची खरी अडचण आहे. परंतु अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘बंध’ आहे, तसाच ‘अन्नपाननिरोध’ही आहे. कोंडून ठेवलेल्या जिवाचे अन्न तोडणे ही अहिंसा नव्हे. दिल्लीत चांदणी चौकातील लाल मंदिराच्या आवारात चालणाऱ्या जैन पक्षी रुग्णालयाने हा पेच आपल्या परीने सोडविला आहे. तेथे शाकाहारी पक्ष्यांना दाखल करून घेतात. मांसाहारी पक्ष्यांवरही उपचार होतात, मात्र त्यांना बाह्यरुग्ण म्हणून तपासून परत पाठवितात. दुखणे नाकारले जात नाही आणि व्रतही मोडत नाही.

घरच्या पालीबाबतही हाच विवेक उपयोगी पडेल. ऊब, पाणी, औषध आणि वैद्य यांत कसूर करू नये. कीटक देणे मनाला मानवत नसेल, तर ती उपाशी मरण्याची वाट न पाहता, तिला योग्य आहार देऊ शकणाऱ्या अनुभवी व्यक्तीच्या हाती सोपवावी. दौलताबादच्या डोंगरात किंवा बागेत सोडून देणे म्हणजे अभयदान नव्हे. पेटीत वाढलेला जीव तेथे तगत नाही आणि त्याचे रोग रानातील जिवांना लागू शकतात.

सर्वांत उत्तम उपाय मात्र खरेदीपूर्वीचा आहे. कोणताही माल दुकानात भरण्याआधी व्यापारी त्याची खपत, टिकाऊपणा व जोखीम तपासतो. जीव घरी आणताना तर किंमत विचारण्याआधी एकच प्रश्न विचारावा: हा काय खातो, आणि ते १५-२० वर्षे देण्याची आपली तयारी आहे काय? उत्तर नकारार्थी असेल, तर भिंतीवर आपल्या इच्छेने येणारी पाल मुलांना दाखवावी. तिचे निरीक्षण करायला पेटी लागत नाही आणि तिच्या अन्नाचा भार कोणाच्या व्रतावर पडत नाही.